डोणगावच्या काट्यातला अडत्या

एकाला मारायला गेलो आणि दोघे मेले. तेही भर दुपारी, डोणगावात, चारचौघांच्या देखत.

घाबरू नका, मेले ते प्रोग्राम होते. पण त्या दुपारी माझा चेहरा खुन्यासारखाच झाला होता, असं नंतर सुनंदाताईंनी सांगितलं.

आधी मी कोण ते सांगतो. मी चिखलीला राहतो. घराच्या पुढच्या खोलीवर 'सॉफ्टवेअर सोल्युशन्स' अशी पाटी आहे. सोल्युशन्स अनेकवचनी असली तरी कर्मचारी एकच, आणि तो दुपारी जेवून झोपतो. उंद्रीपासून धाडपर्यंत कृषी केंद्रं, दालमिल, पतसंस्था असं जिथं जिथं कॉम्प्युटर आणि कटकट एकत्र नांदतात, तिथं मला बोलावतात. धाडच्या एका दुकानदारानं धूळ बसू नये म्हणून चालू कॉम्प्युटर लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवला होता आणि तो बंद का पडतो हे शोधायला मला बोलावलं होतं. मी कुलूप उघडलं, एवढंच माझं सोल्युशन. तरी तो आजवर मला 'लय मोठे इंजिनेर' म्हणतो. अशा लोकांमुळे माणूस बिघडतो.

तर डोणगाव. तिथं शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक कंपनी आहे. सोयाबीन, तूर, हरभरा शेतकऱ्याकडून थेट घ्यायचा आणि अडत्याला मध्ये येऊ द्यायचं नाही, हा तिचा बाणा. फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवलंय, 'शेतकरी ते कारखाना, मध्ये कोणी नाही.' हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

फाटकातून आत गेलं की दोन काटे आहेत. काटा म्हणजे टांगायचा तराजू नव्हे. जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पाट, त्यावर ट्रॅक्टर ट्रॉलीसकट चढतो. डाव्या काट्यावर भरलेल्या ट्रॉलीचं वजन, उजव्यावर माल उतरवून परतणाऱ्या रिकाम्या ट्रॉलीचं. दोन्ही वजनांची वजाबाकी म्हणजे माल. मध्ये एक केबिन, केबिनीत एक कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरसमोर सुनंदाताई. गावातल्याच. लेकरू सासूजवळ ठेवून, जीपनं मेहकरला जाऊन त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि काट्यावर बसल्या. काट्यावर बाईमाणूस बसलेलं त्या भागात कोणी पाहिलं नव्हतं. पहिल्या हंगामात लोक वजन कमी आणि ताईंनाच जास्त पाहायचे. पुढे सवय झाली.

त्या काट्यांवर जो प्रोग्राम चालतो तो माझा. जावा नावाच्या भाषेत लिहिलेला. पण तो स्वतः काट्याशी बोलत नाही. काटा बनवणाऱ्यांनी वजन वाचणारा एक छोटा प्रोग्राम दिला होता, आपण त्याला वाचक म्हणू. माझा प्रोग्राम सकाळी उठला की दोन वाचक कामाला लावायचा, एक डाव्या काट्यावर, एक उजव्यावर. म्हणजे माझा प्रोग्राम मुकादम आणि वाचक हे मजूर. मजूर वजन ओरडून सांगणार, मुकादम लिहून घेऊन पावती छापणार. सोपं आहे.

फक्त यातला एखादा मजूर अधूनमधून उभ्या उभ्या झोपायचा. वायर हलली, लाईट फडफडली, काहीही निमित्त पुरायचं. झोपला तरी पडद्यावर मागच्या ट्रॅक्टरचं वजन तसंच राहायचं. म्हणजे पुढच्याचा माल मागच्याच्या वजनावर. ताईंची नजर खिडकीबाहेर असायची म्हणून हे कधी छापलं गेलं नाही. वजन हललं नाही की त्या पावती थांबवायच्या. पण पावती थांबली की रांग थांबायची, रांग थांबली की हॉर्न वाजायचे, आणि हॉर्न वाजले की रामभाऊ यायचे.

रामभाऊ म्हणजे कंपनीचे संचालक. माणूस वाईट नाही. खांद्यावर पंचा, आवाज भोंग्यासारखा, आणि मेहकरला एक रिकामा पुतण्या. त्या पुतण्याला कुठं चिकटवता येईल याचा विचार ते बसता-उठता करायचे.

त्या दुपारी ते शेजारीच उभे असताना डावा वाचक झोपला. मी नेमका हजर होतो. ताई म्हणाल्या, "भाऊ, पाहा आता, तुमच्याच डोयासमोर झोपला."

"आत्ता उठवतो," मी म्हणालो. हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि विंडोजला हुकूम दिला: या नावाचा प्रोग्राम मारून टाक. एंटर दाबताना मी रामभाऊंकडे बघून हसलोसुद्धा.

डाव्या काट्याचा आकडा गेला. त्याच क्षणी उजव्याचाही गेला. दोघांचं नाव एकच ना! उजव्यावर एक रिकामी ट्रॉली उभी होती. तिच्या मालकानं केबिनीच्या बाहेर लटकवलेल्या लाल आकड्यांकडे पाहिलं, मग ट्रॉलीकडे पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "माझी ट्रॉली काई वजनाचीच नाई राह्यली का? अख्खं ट्रॅक्टर लागते तिले वढाले!"

रांगेतले सगळे हसले. रामभाऊ मात्र हसले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "सोमवारपासून सोयाबीनची खरी आवक सुरू होते. त्या दिवशी काटा अटकला तर दुसऱ्या दिवशी या खुर्चीवर दुसरं मानूस बसन. मशीन सुधरत नाई तर मानूस बदलून पाहू."

रामभाऊ गेल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, झोपते तुमचा प्रोग्राम, अन् नाव माझं खराब होते. हे कोन्त्या गावचं गणित हाय?"

मी नुसता चहा प्यायलो.

आता ही अडचण नीट समजून घ्या, कारण सगळी मजा इथंच आहे. आमच्या जिल्ह्यात दर घराआड एक गजानन असतो. डोणगावच्या काट्यावर उभं राहून "ए गजानन!" अशी हाक मारा, अर्धी रांग वळून बघते. म्हणून हमाल हाक मारताना 'टोपीवाला गजानन', 'लाल ट्रॅक्टरवाला गजानन' असं म्हणतात. कॉम्प्युटरला टोपी दिसत नाही. नावानं मार म्हटलं की तो त्या नावाचे सगळे मारतो. पण त्याच्याकडे एक सोय आहे. कुठलाही प्रोग्राम जन्मला की त्याच क्षणी तो त्याला एक नंबर देतो. दोन वाचक असतील तर नाव एक, नंबर दोन. याला प्रोसेस आयडी म्हणतात. नंबरानं मारलं की नेमका तोच मरतो, शेजाऱ्याच्या केसालाही धक्का नाही.

मग मुकादमानं मजूर लावताना त्याचा नंबर लिहून घ्यावा की झालं! तिथंच तर अडत होतं. माझा जावा जुना होता. बाहेरचा प्रोग्राम सुरू करून द्यायचा, त्याचं बोलणं ऐकवायचा, पण 'याचा नंबर काय' म्हटलं की हाताची घडी घालून बसायचा. 'थांबव' असा हुकूम होता त्याच्याकडे, पण तो दिला तरी वाचक थांबायचा नाही, काट्याची वायर धरून बसूनच राहायचा. का, ते मला कळत नव्हतं. म्हणून तर मी नावानं मारायच्या फंदात पडलो होतो.

घरी आलो आणि कामाला लागलो. आमच्याकडे नळाला पाणी बऱ्याच दिवसांनी येतं. आलं की हौदात साठवायचं आणि मोटरनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. त्या दिवशी पाणी आलं होतं. बायको म्हणाली, "मोटर लावली हाय का?" मी म्हणालो, "हाव," आणि बटण दाबून लॅपटॉपपुढे बसलो.

बसलो तो बुडालो. मला आठवलं की जावा नंबर सांगत नसला तरी तो त्याच्या आतल्या खिशात असतो. खासगी खिसा, बाहेरच्यानं हात घालायचा नाही असा नियम. पण एक चोरवाट आहे, तिनं खिशात हात घालता येतो. मी घातला. नंबर हाताला लागला! माझ्या लॅपटॉपवर मी दोन प्रोग्राम सुरू केले, एकाला नंबरानं मारलं, दुसरा जिवंत! मी पुन्हा केलं. पुन्हा जिवंत! मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या.

बायको दारात उभी होती. तिच्या पदरावरून पाणी निथळत होतं.

"टाया कायच्या वाजवून राह्यले? टाकी भरून वाहून राह्यली. अख्खं आंगन भिजलं. शेजारच्या काकू इचारतात, तुमच्याकडं काई कार्यक्रम हाय का म्हनून!"

आमच्या गावात पाणी सांडणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. मी दोन दिवस खालच्या मानेनं वावरलो. पण आतून उकळ्या फुटत होत्या. खिशातला नंबर मिळाला होता!

डोणगावला गेलो, प्रोग्राम बसवला, चालू केला. लाल अक्षरांत उत्तर आलं: असा खिसाच नाही.

झालं काय, तर माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आणि ताईंच्या कॉम्प्युटरवर विंडोज, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा. लिनक्सच्या जावाचा खिसा डावीकडे, विंडोजच्या जावाला तो खिसाच शिवलेला नाही. तिथं नंबराच्या जागी एक गूढ खुणेचं नाणं ठेवलेलं असतं, ते घेऊन पुन्हा विंडोजच्या दारात जावं लागतं. वीस वर्षं या धंद्यात काढून मी दुसऱ्याच्या सदऱ्यात माझा खिसा शोधत होतो.

"जमलं का?" ताईंनी विचारलं.

"घरी जमलं होतं."

"मंग काटा तुमच्या घरी नेऊन बसवा," ताई म्हणाल्या. "ट्रॅक्टर चिखलीले पाठवतो."

परतीच्या जीपमध्ये मागच्या फळीवर मावलो. एका बाजूला कोंबडी घेतलेल्या आजी, दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप मांडीवर घेतलेला माणूस. मोबाईल नाकाला लावून मी जावाची कागदपत्रं चाळत होतो. चाळता चाळता नव्या आवृत्त्यांपाशी आलो. मी इतकी वर्षं जुनी आवृत्ती धरून बसलो होतो, कारण 'चालतंय ना, मग हात कशाला लावा' हे आमच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. आणि तिथं सरळ एका ओळीत लिहिलेलं! नवव्या आवृत्तीपासून जावा नंबर आपणहून सांगतो. विचारायचं फक्त: तुझा पिड, म्हणजे प्रोसेस आयडी, काय? तो आकडा देतो. विंडोज असो की लिनक्स. खिसा नको, चोरवाट नको, काही नको!

"सापडला!" मी ओरडलो.

कोंबडी फडफडली. जीपवाल्यानं ब्रेक मारला.

"काय सापडलं, पाकीट?" पंपवाल्यानं विचारलं.

"नंबर!"

"कोनाचा?"

"वजन वाचणाऱ्याचा. इतके दिवस शोधत होतो!"

आजींनी कोंबडी पुन्हा काखेत दाबली. "एवढे दिवस शोधत बसला, तर त्या पोरीचं लगन लागून गेलं असन!" त्या म्हणाल्या.

जीप हसत हसत मेहकरात शिरली. मीही हसत होतो. एका ओळीवर एवढा आनंद होऊ शकतो, हे त्या आजींना कसं पटवणार? पण तुम्हाला सांगतो, आमच्या कामात खरा आनंद असाच असतो. महिनोन्महिने भिंतीवर डोकं आपटायचं आणि शेवटी कळतं की शेजारी दार होतं, उघडंच होतं.

शनिवारी नवा जावा घेऊन पुन्हा डोणगावला. ताईंच्या पडद्यावर आता प्रत्येक काट्यापुढे त्याच्या वाचकाचा नंबर दिसायला लागला. मी मुठी आवळून डाव्याचा नंबर मारला. विंडोज म्हणालं, मारला. मुकादमानं नवा वाचक पाठवला. नवा म्हणाला, काट्याची वायर कोणीतरी धरलीये, मला जागा नाही.

मी मारला होता कोणाला?

चालू प्रोग्रामांची यादी उघडली. दोन वाचक तिथंच, ठणठणीत. मारायच्या आधी मी आकडा टिपून घेतला होता, तो त्या दोघांपैकी कोणाचाच नव्हता. उजव्या काट्यापुढचा आकडा शोधला, तर तो निघाला भलत्याच्याच नावापुढे. विंडोजची ती काळी खिडकी, तिच्यापुढे. मी बराच वेळ बघत बसलो आणि मग एकदम कपाळावर हात मारून घेतला.

काटा बसवायला आलेल्या मेकॅनिकनं वाचक सुरू करायला एक छोटी आज्ञांची फाईल करून ठेवली होती. दोनदा टिचकी मारली की ती काळी खिडकी उघडायची आणि खिडकी वाचकाला सुरू करायची. मी आळसानं माझ्या प्रोग्रामातही तीच फाईल वापरली होती. म्हणजे माझा मुकादम मजुराला कामाला लावतच नव्हता. तो काळ्या खिडकीला सांगायचा आणि खिडकी मजूर आणायची. जावा मला नंबर अगदी खरा देत होता, पण तो मधल्याचा. मी मधल्याला मारत होतो आणि मजूर तिकडे वायर धरून मजेत बसला होता. तो जुना 'थांबव' हुकूम का चालत नव्हता, तेही आता उलगडलं. तोही मधल्यालाच थांबवत होता!

हे सगळं मी ताईंना उभ्यानं, हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग खिडकीतून फाटकाकडे बोट दाखवलं. 'शेतकरी ते कारखाना, मध्ये कोणी नाही.'

"अन् आमच्या काट्यातच अडत्या बसवला तुमी," त्या म्हणाल्या. "लय झाक. सभेत सांगाले पाहिजे."

इतकं हसलो की बाहेरचे हमाल डोकावून गेले. आणि हसता हसताच मी ती फाईल काढून टाकली. वाचक कुठं ठेवलाय, त्यानं कुठल्या फोल्डरात बसून काम करायचं, कुठला काटा वाचायचा, हे सगळं मुकादम आता स्वतःच त्याला सांगणार. मध्ये कोणी नाही. चालवलं. आकडा वाचकाच्याच नावापुढे! मारला. डावा गेला, उजवा जिवंत. नवा आला, वायर मोकळी, वजन सुरू! मी केबिनीत एक गिरकी घेतली. माझ्या वयाला आणि पोटाला ती शोभली नाही, असं ताई म्हणाल्या.

तुमच्यात कोणी जाणकार असतील तर म्हणतील, अडत्या काढल्यावर साधा 'थांबव' हुकूमही पुरला असता, नंबर कशाला? बरोबर आहे. पण मुकादमच मेला तर? माझा प्रोग्राम कोणी चुकून बंद केला, तर मजूर मरत नाहीत. ते मागे राहतात, वायर धरून. नवा मुकादम उठतो, त्याला ते कोण, कुठले, काही ठाऊक नसतं. हात सुटला की ओळख सुटते, पण नंबर लिहून ठेवलेला असला तर राहतो. म्हणून मी मुकादमाला सांगितलं, मजूर लावला की नंबर डिस्कवर टिपून ठेव. उठलास की आधी तो नंबर शोध, आणि तो आपलाच माणूस आहे ना, नाव आणि सुरू झाल्याची वेळ ताडून बघ, कारण विंडोज मेलेल्याचा नंबर दुसऱ्याला देऊन टाकतं. आपलाच असेल तर मोकळा कर आणि नवा लाव. हे सगळं लिहायला रविवार गेला. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, हे माझं नशीब.

सोमवार उजाडला. फाटकाबाहेर ट्रॅक्टर हायवेपर्यंत. मी केबिनीत ताईंच्या मागे स्टुलावर. ताईंनी केसांत अबोलीची वेणी माळली होती. मी विचारलं, "आज काही खास?"

"आज शेवटचा दिवस असन तर चांगलं दिसून जावं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या ट्रॅक्टरला आत घेतलं.

सकाळभर सगळं सुरळीत. दुपारच्या आत रामभाऊ आले. सोबत पुतण्या, इस्त्रीचा शर्ट घालून. रामभाऊ थोडा वेळ बघत उभे राहिले. काटा अटकत नव्हता, हे त्यांना काही पचेना.

"सर, झालं का दुरुस्त?"

"झालं."

"तुमी मागंही म्हनले होते."

आणि मला काही कळायच्या आत ते टेबलाखाली वाकले आणि डाव्या काट्याची वायर हिसडून काढली. "मंग आता?"

ताईंचा हात पावतीच्या कागदावर थांबला. उजव्या काट्यावर एक रिकामी ट्रॉली होती, तिची पावती निम्मी छापून झाली होती. ती छापतच राहिली. टर्रर आवाज करत पूर्ण बाहेर आली.

"वायर लावा, रामभाऊ," मी म्हणालो.

त्यांनी लावली. डावा वाचक झोपलेलाच होता, वायर सुटली की तो परत उठत नाही. मुकादमानं वाट पाहिली. डाव्या काट्यापुढचा नंबर पुसला गेला. रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेकडे आम्ही चौघं असे बघत होतो जसं कोणी दवाखान्याच्या दाराकडे बघतं. मग तिथं नवा नंबर उमटला, आणि त्याच्या शेजारी वजन. बाहेरच्या ट्रॅक्टरचं, खरंखुरं, थरथरणारं.

"आला!" मी स्टुलावरून उठलोच.

रामभाऊंनी हार मानली नाही. त्यांनी माउस हातात घेतला, पडद्याच्या कोपऱ्यातली फुली शोधली आणि माझा अख्खा प्रोग्रामच बंद केला. "हे पोरंही करतात. दाबली फुली, आता?"

हेच तर मी रविवारी लिहिलं होतं, पण काट्यावर तपासायला वेळ मिळाला नव्हता. रांगेत हॉर्न सुरू झाले. ताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी 'करा' म्हणून मान हलवली. त्यांनी माउस रामभाऊंच्या हातातून अलगद काढून घेतला आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

नवा मुकादम उठला. त्यानं जुने नंबर काढले. दोघांना शोधलं, ओळखलं, मोकळं केलं. दोन नवे लावले. डाव्यावर वजन. उजव्यावर वजन. जो ट्रॅक्टर जिथं होता तिथूनच पुढे.

ताईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रांगेवर नजर टाकली. "हॉर्न बंद करा बरं! लाल ट्रॅक्टरवाले गजाननभाऊ, तुमी घ्या पुढं!"

रामभाऊ पंच्यानं मान पुसत उभे होते. मग ते पुतण्याला म्हणाले, "काऊन उभा हाय बे? आपलं ट्रॅक्टर रांगेत लाव. वजन ताईजवळ करजो." ताईंकडे बघून त्यांनी नुसती मान डोलावली आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर कोण बसणार, हा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी निघताना ताईंनी मला एक पावती दिली. कोणाचीच नाही, कोरी. खाली फक्त माझ्या प्रोग्रामनं छापलेली ओळ होती, 'काटा: सुनंदा'. "पाकिटात ठेवा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी अडत्या बसवाले गेले की काढून पाहा."

घरी पोचलो तेव्हा नळाला पाणी आलं होतं. बायको मेथी निवडत बसली होती. मी मोटरचं बटण दाबलं आणि बूटसुद्धा न काढता सुरू झालो. मुकादम, मजूर, काळी खिडकी, खिसा, कोंबडी, फुली, नंबर पुसला जाणं, नंबर उमटणं! हातवारे करून, उभं राहून, मध्येच आवाज काढून. ती मेथी निवडत राहिली. शेवटी तिनं मान वर केली.

"ते समदं ठीक हाय. ताईची खुर्ची राह्यली का?"

"राहिली ना! तेच तर सांगतोय. ज्यानं जे चालू केलं, त्यानं त्याचा नंबर धरून ठेवायचा, म्हणजे—"

"मंग हे आधी सांगाचं. माह्या जिवाले घोर लागला होता," ती म्हणाली, आणि मेथीची जुडी बाजूला ठेवून अंगणाकडे कान दिला. "अन् आता बूट काढू नका. आल्या आल्या तुमी मोटर चालू केली, अन् टाकी वाहून राह्यली. पया. तिचा नंबर शोधत बसू नका, घरात एकच हाय."